पाळी जाताना यिन योग करणाऱ्यांसाठी कापसाचा आयताकृती बोल्स्टर

यिन योगात स्नायू सैल सोडून एकेक आसन तीन ते पाच मिनिटं धरायचं असतं. एवढा वेळ अंगाचा भार कशावर तरी पडणारच. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन कमी होतं, सांधे आखडतात, झोप तुटते, मध्येच अंगातून गरम वाफा निघतात. अशा वेळी आधाराशिवाय ताटकळत राहिलं तर आराम सोडाच, कंबरच धरते. म्हणून महागड्या मॅटपेक्षा चांगल्या बोल्स्टरवर, म्हणजे आसनात अंगाला आधार देणाऱ्या घट्ट लोडावर, पैसे घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साधारण ६० सेंमी लांब, ३० रुंद, १५ उंच आणि कापसाने ठासून भरलेला घ्या. घरातला गोल लोड गुडघ्यांखाली उत्तम, पण पाठीखाली घेतला की अंग एका बाजूला कलतं. फोमचा उचलायला हलका असला तरी उष्णता धरून ठेवतो, आणि गरम वाफांचा त्रास असलेल्या बाईला तेच नको असतं. रेक्झिनचा किंवा मखमली अभ्राही नको. चेन लावलेला, काढून धुता येणारा सुतीच हवा. घेताना मधोमध दोन्ही तळहातांनी जोर द्या. जेमतेम बोटभर दबला तर भरणी ठीक, मूठ आत गेली तर परत ठेवा.

सुप्त बद्धकोनासनात, म्हणजे पायांचे तळवे जुळवून उताणं पडायच्या आसनात, याचा खरा कस लागतो. बोल्स्टर पाठीच्या रेषेत लांबीने जमिनीवर ठेवून त्याच्या अरुंद कडेपासून चार बोटं पुढे बसा, हात टेकत पाठ मागे सोडा. डोक्याखाली चादरीची घडी अशी घ्या की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. तळवे जुळवा आणि दोन्ही मांड्यांखाली उशा सारा; हे टाळलं तर जांघा ओढल्या जातात आणि स्नायू सैल पडतच नाहीत. कंबरेत कळ आली तर बोल्स्टर उंच पडतोय, बसायच्या जागी चादरीची घडी घाला. पायाला मुंग्या आल्या तर लगेच बाहेर या. उठताना हातांनी गुडघे मिटवायचे, कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन बसायचं आणि मिनिटभर थांबायचं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते.

हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेल्यांनी मात्र पाठीला बाक देऊन पुढे वाकायची आसनं आणि जोराचे पीळ टाळावेत. मणक्यांवर दाब येतो. हाडांच्या बळकटीसाठी चालणं, वजन उचलणं लागतंच. ते काम यिनचं नाही.

बोल्स्टरच्या उणिवाही आहेत. तो जड असतो, मनगट दुखत असेल तर हलवताना जाणवतं. पावसाळ्यात ओल धरतो. रोज वापरला की मध्ये खड्डा पडतो, कारण दाबाने कापूस बसतो. बाजू आलटून पालटून वापरा, अधूनमधून कडक ऊन दाखवून थोपटा. तरी उठत नसेल तर गादीवाल्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरून घ्या. फोमला हा उपाय नाही.

लोड, पट्टे, ठोकळे घेऊन आसनं करणं बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातून जगभर रुजवलं, त्यामुळे आपल्याकडे ही वस्तू नवखी नाही. तयार महाग वाटला तर गादीवाल्याला वरचं माप द्या. फक्त भरणी घट्ट हवी, हे दोनदा सांगा, नाहीतर तो झोपायची मऊ उशी शिवून देईल.