आधी कोणाला हलवायचं: चालत्या रुग्णाला की अत्यवस्थ?

कतरिना वादळानंतर, ३१ ऑगस्ट २००५ च्या पहाटे न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल मेडिकल सेंटरचे जनरेटर बंद पडले. व्हेंटिलेटर थांबले, लिफ्टही. एकेका रुग्णाला जिन्याने उतरवायचं, भिंतीतल्या जेमतेम तीन फुटी भोकातून पार्किंगमध्ये सरकवायचं, मग हेलिपॅडवर चढवायचं. डॉक्टरांनी चालू शकणाऱ्यांना आधी पाठवलं. ‘हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करू नका’ अशी नोंद असलेल्यांना शेवटी. पुढे त्या इमारतीत ४५ मृतदेह सापडले.

कमी वेळात जास्त माणसं वाचवायची, हा हिशेब मला समजतो. पण ती नोंद फक्त हृदय थांबण्याच्या क्षणापुरती असते. मला मागे ठेवा, असं त्या रुग्णाने कुठे म्हटलं होतं?

सँडी वादळात, २९ ऑक्टोबर २०१२ ला, न्यूयॉर्कच्या लँगोन रुग्णालयातही वीज गेली. तिथे नवव्या मजल्यावरची नवजात अतिदक्षता विभागातली २० बाळं परिचारिकांनी कवेत घेऊन अंधाऱ्या जिन्याने उतरवली. खाली रुग्णवाहिका उभ्या होत्या, हेही खरं. मेमोरियलभोवती पाणीच पाणी होतं.

वाहन दाराशी येत असेल तर अत्यवस्थ रुग्ण आधी, असंच माझं ठाम मत. नसेल, तरी जुन्या नोंदीवरून रांग लावू नये.