दुकानाच्या पाटीला ‘सूट’ मिळवून देणाऱ्यांपासून सावध राहा

दादरला आमचं चष्म्यांचं दुकान आहे. दर्शनी भागावर बाबांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली इंग्रजी पाटी. बाबा गेले, पाटी राहिली. ती उतरवायला मन तयार नव्हतं, आणि त्या माणसाने नेमकं तेच हेरलं.

नोव्हेंबर २०२३. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबरला दिलेली दोन महिन्यांची मुदत संपत आली होती. बाजारात दुसरा विषय नव्हता. अशात फाइल घेऊन एक गृहस्थ आले. बोलणं अदबीचं. “ताई, कामगार किती?” दोन, म्हटलं. “मग तुम्हाला सक्तीच नाही. दहाच्या आत सूट असते. फक्त तसं प्रमाणपत्र काढून ठेवा, नाहीतर तपासणीत लाखाचा दंड होईल.” दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याची छापील प्रतही दाखवली. १२,००० रुपये ठरले. पाच हजार रोख घेतले, सात हजार फोनवरून कुणा तिसऱ्याच्याच खात्यात. आठ दिवसांत गोल शिक्क्याचं, जावक क्रमांकाचं प्रमाणपत्र हातात आलं. मी ते गुमास्त्याच्या, म्हणजे दुकान नोंदणीच्या कागदाशेजारी फ्रेम करून लावलं.

डिसेंबरात पालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याचे निरीक्षक आले. प्रमाणपत्र वाचून म्हणाले, “असा कागद आमच्याकडून निघतच नाही.” त्या गृहस्थांचा फोन तेव्हापासून बंद.

मी फसले कारण ती गोष्ट एकेकाळी खरी होती. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना आधी खरंच ही सक्ती नव्हती. शेजारच्या काकांनीही “हो, सूट आहे” म्हणून सांगितलं होतं. पण मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला, कलम ३६-क आलं आणि लहान दुकानंही त्यात आली. मला दाखवलेली प्रत त्याआधीची होती. दंडाचंही तसंच. पालिकेने जाहीर केलेला दंड कामगारामागे २,००० रुपये, जास्तीत जास्त एक लाख. माझे कामगार दोन!

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. बाबांची पाटी उतरवायची गरजच नव्हती. कायदा इंग्रजीला मनाई करत नाही. नाव देवनागरीत, मराठीत आधी हवं आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, एवढंच. बाबांची अक्षरं फूटभर उंच, म्हणून मराठीही फूटभर करून वर बसवलं. खाली बाबांची पाटी जशीच्या तशी आहे.

जुन्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांना अपवाद असावा असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. आता वाटत नाही. चष्म्याचा नंबर काढायला येणाऱ्या आजींना आमच्या दुकानाचं नाव इतकी वर्षं वाचता येत नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, सात हजारांच्या व्यवहाराची नोंद जोडली आहे. पैसे परत आलेले नाहीत. पाटीच्या सुटीसाठी कुणी दुकानात येऊन पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा. गेल्या महिन्यात आमच्याच रांगेतल्या झेरॉक्सवाल्याकडे असाच एकजण आला होता, या वेळी ‘नोंदणीकृत इंग्रजी ब्रँडला सूट’ म्हणत. कलम ३६-क मध्ये तशी सूट नाही. झेरॉक्सवाल्याने त्याला बसवून मला बोलावणं पाठवलं, पण मी पोचेपर्यंत तो फाइल उचलून निघून गेला होता.