चुकांची वही : नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या इंग्रजी व्याकरणाच्या वर्गातील तीन महिने

माझे शालेय शिक्षण निफाड तालुक्यातील मराठी शाळेत झाले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आमच्या पिढीच्या वाट्याला ते पाचवीत आले, आणि आले तेही व्याख्या पाठ करण्यापुरतेच. त्यामुळे क्रियाविशेषणाची व्याख्या मला आजही झोपेतून उठवले तरी सांगता येईल. परंतु सातपूरच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करताना पुरवठादाराला चार ओळींची ई-मेल पाठवायची झाली, की ती मी आधी मनात मराठीत मांडत असे आणि लिहून झाल्यावर शेजारच्या टेबलावरील तरुण सहकाऱ्याकडून तपासून घेत असे. त्याने दर वेळी निमूटपणे दोन शब्द बदलावेत आणि ते का बदलले हे मला कळू नये, याचा कंटाळा येऊन मी या वर्गात नाव घातले.

त्याआधी एका जाहिरातबाज क्लासमध्ये महिनाभर पैसे घालवून झाले होते. तेथे रोज उभे राहून ‘मायसेल्फ’ अशी सुरुवात करून छाती पुढे काढून बोलायला लावत. स्वतःची ओळख करून देताना ‘आय ॲम’ म्हणायचे असते, हे त्या महिन्यात कोणीही सांगितले नाही.

हा वर्ग एका निवृत्त शिक्षिका आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर चालवतात. पाटी नाही, आणि बाईंना जाहिरात नको असल्याने नाव येथे देत नाही. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ, तीन महिन्यांची फी ६,००० रुपये, असा हिशेब आहे. पहिली दहा मिनिटे बाई पाच साधी मराठी वाक्ये सांगतात, ती न बोलता इंग्रजीत लिहायची. त्यानंतर त्या दिवसाचा एकच नियम आणि त्यावर तीस वाक्ये. नियम समजावण्यात पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ जात नाही, बाकी सगळा वेळ हात चालत राहतो.

खरी गोष्ट मात्र चुकांच्या वहीची आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: पहिल्यात आपण लिहिलेले चुकीचे वाक्य, दुसऱ्यात बरोबर वाक्य आणि तिसऱ्यात ही चूक कोणत्या मराठी वळणामुळे झाली ते. माझ्या पहिल्या पानावरचे पहिले वाक्य असे आहे: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेल्व्ह इयर्स.’ मनात होते ‘मी बारा वर्षांपासून येथे काम करतो आहे’. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘बारा वर्षांपासून’ या दोहोंना एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत मात्र जेथून काळ सुरू झाला तो क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि किती काळ गेला ते सांगायचे असेल तर ‘फॉर’. शिवाय ‘करतो आहे’ हा आपल्याला वर्तमानकाळ वाटतो म्हणून ‘ॲम’ येऊन बसला. आधी सुरू होऊन आजवर चाललेल्या कामासाठी इंग्रजीला ‘हॅव बीन वर्किंग’ लागते. एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्हींचे मूळ माझ्या मराठीत.

तिसरा रकाना भरताना आरंभी वैताग येतो, पण उपयोग त्याचाच होतो. ‘ही डिड नॉट केम’ ही चूक माझ्या वहीत अकरा वेळा आहे. मराठीतील ‘तो आला नाही’ यात नकार आला तरी ‘आला’ हे रूप भूतकाळीच राहते, म्हणून हात आपोआप ‘केम’ लिहितो. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचलल्यावर पुढचे क्रियापद मूळ रूपात, म्हणजे ‘कम’ असेच यायला हवे. हे कळणे पाच मिनिटांचे काम होते, वळणी पडायला सहा आठवडे गेले. एखादे वाक्य वेगवेगळ्या तीन दिवशी बरोबर लिहिल्याखेरीज वहीतून खोडायचे नाही असा दंडक आहे, आणि ‘सिन्स’चा धडा संपून पंधरा दिवस उलटल्यावर बाई भलत्याच सरावात ते वाक्य हळूच सोडतात. आपण हमखास फसतो.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्यासाठी त्यांनी सांगितलेली युक्ती केवळ देवनागरी वाचणाऱ्यांनाच साधेल अशी आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा: पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ हा शब्द इंग्रजीत ‘एच’ने सुरू होतो, पण देवनागरीत स्वराने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’चे पहिले अक्षर ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. त्याच न्यायाने ‘ॲन एक्स-रे’, ‘ॲन एमबीए’, पण ‘अ वन-वे रोड’. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, हे शाळेतही सांगितले होते. पण ते असे डोळ्यांना दिसले नव्हते.

आमच्या तुकडीत दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, ज्यांना सगळे काका म्हणत. निर्यातीच्या निमित्ताने त्यांना इंग्रजी हवे होते आणि ते नेमाने ‘माय ग्रेप्स इज रेडी’ असे लिहीत. अनेकवचन त्यांना ठाऊक होते, तरी चूक सुटेना. शेवटी एके दिवशी त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिले: ‘मनात माल तयार आहे असे होते.’ माल एकवचनी, म्हणून ‘इज’! बाईंनी ते वाक्य फळ्यावर उतरवून घेतले. जाता-जाता, ‘आलोच’ म्हणून आपण उठून जातो त्याचे इंग्रजी काय, या प्रश्नावर त्या दिवशीची उरलेली वीस मिनिटे गेली. क्रियापद भूतकाळी, येणे भविष्यातले आणि माणूस तर निघालेला.

उणिवाही आहेत. प्रवेश देताना बारा जणांची तुकडी सांगितली होती, प्रत्यक्षात आम्ही एकोणीस होतो, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात वह्या तपासून मिळायला तीन-तीन दिवस लागू लागले आणि तोवर चूक आणखी मुरत असे. वेगळे २५० रुपये घेऊन दिली जाणारी सरावपुस्तिका सुमार आहे. उत्तरे त्याच पानाच्या तळाशी छापल्याने डोळा तिकडे जातोच. वाक्यांमध्ये जॉन आणि मेरी बर्फात फिरायला जातात. आणि एका ठिकाणी तर उत्तर म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ असे छापले आहे, जेथे ‘फ्रेंड्स’ हवे. ही चूक दाखवल्यावर बाईंनी ती सर्वांच्या पुस्तिकेत पेनाने दुरुस्त करून घेतली, हे नोंदवायला हवे.

सर्वांत अन्याय झाला तो ‘इन’, ‘ॲट’, ‘टू’ या शब्दांवर. आपला एकटा ‘ला’ इंग्रजीत गेला की त्याची वाटणी होते: नाशिकला राहतो तेथे ‘इन’, नाशिकला गेलो तेथे ‘टू’, आणि त्याला भेटलो तेथे ‘आय मेट हिम’, म्हणजे काहीच नाही. एवढा गुंतागुंतीचा विषय शेवटच्या चार दिवसांत उरकला गेला. ऐकण्या-बोलण्याचा सराव तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे मुलाखतीच्या तयारीसाठी आलेल्या दोन मुलांचा विरस झाला. त्यांनी दुसरीकडे जावे हे बरे.

लिहिण्याचे काम पडणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या आणि रोज घरी अर्धा तास काढू शकणाऱ्या प्रौढ माणसाला मात्र हा वर्ग मी निःसंकोच सुचवीन. माझ्या वहीत २१४ वाक्ये जमली, त्यांपैकी ३७ अजून खोडायची आहेत. बाईंनी ‘ला’साठी महिनाभराची वेगळी तुकडी काढली तर मी पुन्हा फी भरेन, पुस्तिका घेणार नाही.