एलएसडी म्हणून विकलेले वेल्ड केलेले डिफरन्शियल

घरीच सुटे भाग जोडून केलेल्या माझ्या किट कारला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, बसवताना मी पुरता फसलो. (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच; एलएसडी त्या वेगातल्या फरकाला काही अंशी अडवते.) हा अनुभव सविस्तर लिहितो आहे, कारण विक्रेत्याने मला जे सांगितले त्यातले बहुतेक तांत्रिकदृष्ट्या खरे होते आणि नेमके त्यामुळेच ते मला खटकले नाही.

हलक्या गाडीत वळणावर आतल्या बाजूच्या मागच्या चाकावर फारसा भार राहत नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, त्यामुळे एक चाक जागच्या जागी फिरू लागले की दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क येतो. इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. माझ्या गाडीचे मागचे भाग ई-३० मालिकेतील एका जुन्या बीएमडब्ल्यूचे आहेत. त्या मालिकेत कारखान्याकडूनच २५ टक्के लॉकचे, प्लेटांचे (एकमेकांवर दाबलेल्या घर्षणाच्या चकत्यांचे) एलएसडी पर्याय म्हणून मिळत असे, तेव्हा तेच जुन्या बाजारात शोधावे असे मी ठरवले.

नुसता आतला पिंजरा विकत घेऊन आपल्या घरात (म्हणजे डिफरन्शियलच्या घरात) बसवायचा, तर बेअरिंगचा ताण आणि क्राउन-पिनियनच्या (आतले मोठे चक्र आणि त्याला फिरवणारा, इंजिनाकडून येणारा छोटा गिअर) दात्यांमधली फट शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जुळवावी लागते. ती फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि ती चुकली तर दाते घोंघावतात किंवा झिजून जातात. अशी बारीक फट मोजणारा डायल गेज वापरण्याची सवय नसल्याने मला ते काम नको होते. म्हणून मी घरासकट पूर्ण डिफरन्शियल शोधत होतो, जे फक्त बोल्ट सोडून बदलता येईल. बंद डबा विकत घेण्याची तयारी मी स्वतःहूनच दाखवली होती, असे आता वाटते.

विक्रेत्याने एक व्हिडिओ पाठवला. डिफरन्शियल बाकावर ठेवलेले, त्याने उजवी फ्लँज (चाकाकडे जाणारा दांडा जिथे बोल्टने जोडतात ती चकती) हाताने फिरवली आणि डावी फ्लँजही त्याच दिशेने फिरली. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरी फ्लँज उलट दिशेने फिरते, हे मला ठाऊक होते. मागच्या कव्हरच्या बोल्टखाली अडकवलेली छोटी पत्र्याची पट्टीही त्याने जवळून दाखवली; तिच्यावर ‘एस ३.७३’ असे ठोकलेले होते. त्यातला ‘एस’ म्हणजे जर्मन ‘श्पेर’, अर्थात लॉक होणारे, आणि पुढचा आकडा गुणोत्तराचा, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे पिनियनचे किती फेरे होतात त्याचा. दोन पुरावे हाती आल्यावर माझे समाधान झाले. कव्हर उघडून दाखवण्याची विनंती मी केली, पण “प्लेटा नव्या घालून, गॅस्केट लावून बंद केले आहे, सील तोडल्यास माझी जबाबदारी संपली,” असे उत्तर आले, आणि तेही मला वाजवी वाटले. रक्कम आगाऊ दिली.

माल आला तेव्हा घराला ताजा काळा रंग दिलेला होता. कव्हरचे सगळे बोल्ट त्या रंगाखाली खडबडीत, गंजलेले. पट्टी ज्याच्याखाली होती तो एकच बोल्ट चकचकीत होता. ते मी पाहिले, बोटाने त्यावरून हातही फिरवला आणि तरीही त्याचा अर्थ लावला नाही. पट्टी एका बोल्टने लागते, तशी ती एका बोल्टने दुसऱ्या घरावरही जाते, हे सुचायला मला दोन महिने लागले.

बसवण्याचे काम एका दिवसात झाले. त्यात अडचण कुठेच आली नाही.

पहिल्याच फेरीत, अगदी हळू वळताना, मागचे टायर चिरकू लागले आणि गाडीचा मागचा भाग उड्या मारल्यासारखा सरकू लागला. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाऊ पाहत होती. विक्रेत्याला कळवले तेव्हा तो म्हणाला की प्लेटांचे एलएसडी असेच खडखडते, तेलात घर्षण कमी करणारे द्रव्य घाला आणि मोकळ्या जागेत हळूहळू आठाचा आकडा काढत गाडी फिरवा, म्हणजे प्लेटा रुळतील. हा सल्ला चुकीचा नाही. प्लेटांच्या एलएसडीला असे द्रव्य खरोखर लागते आणि नव्या प्लेटा अशाच रुळवतात. मी मुकाट्याने आठाचे आकडे काढत बसलो. दरम्यान हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचे) बोल्ट दोनदा सैल झाले, मागचे टायर कडेने झिजले आणि एका सीव्ही जॉइंटमधून (त्या दांड्याच्या टोकाच्या लवचिक सांध्यातून) टकटक येऊ लागली. शिवाय जीपीएसवर तोच वेग दिसत असताना इंजिनाचे फेरे अपेक्षेपेक्षा साधारण दहा टक्के जास्त पडत होते. याचे खापर मी टायरच्या मापावर फोडले.

टकटक वाढली तेव्हा मात्र मी एक मागचे चाक उचलले, दुसरे जमिनीवर ठोकळे लावून पक्के केले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि उचललेल्या बाजूच्या हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक’ करणारा पाना, लावला. प्लेटांचे एलएसडी ठरावीक टॉर्कनंतर घसरते आणि चाक जड, पण एकसारखे फिरू लागते. तो आकडाच प्लेटांची अवस्था सांगतो. माझा रेंच १०० न्यूटन-मीटरला ‘टक’ करून थांबला आणि चाक हलले नाही. लांब दांडा लावून जोर दिला तेव्हा चाकाऐवजी अख्खी गाडी ठोकळ्यांवर रेटली गेली. त्या क्षणी आत काय असणार ते कळले.

कव्हर काढले. तेल राखाडी होते आणि बोटांवर चोळल्यावर त्यात बारीक चमक दिसत होती. पिंजऱ्याच्या खिडकीतून साधेच डिफरन्शियल दिसत होते. त्याचे छोटे गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकलेले, म्हणजे दोन्ही चाके कायमची एकत्र जखडलेली, वेल्डिंगचे ओबडधोबड थर दात्यांच्या खाचांत साचलेले आणि त्याचे काही मणी सुटून तळाशी पडलेले. प्लेटांचा मागमूसही नव्हता. खडूने खूण करून चाकाची एक फेरी मोजली, तर पिनियनचे फेरे पावणेचारच्या आत यायला हवे होते, ते चाराच्या थोडे पुढे गेले. म्हणजे गुणोत्तर ४.१० होते. पट्टीवरचे ‘एस’ आणि ‘३.७३’ दोन्ही खोटे, किंवा खरे तर खरेच, फक्त दुसऱ्याच डिफरन्शियलचे.

वेल्ड केलेल्या डिफरन्शियललाही वापर आहे. ड्रिफ्ट करणारे (गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणे घेणारे) ते जाणूनबुजून वापरतात. माझा आक्षेप ते एलएसडी या नावाने विकण्याला आहे. व्हिडिओतल्या चाचणीने एवढेच सिद्ध होते की समोरची वस्तू साधे डिफरन्शियल नाही. एलएसडी आणि वेल्ड यांतला फरक पाहायचा तर पिनियनची फ्लँज घट्ट धरून एका बाजूची फ्लँज टॉर्क रेंचने फिरवावी लागते: साधे सहज फिरते, प्लेटांचे आधी अडते आणि मग घसरते, वेल्ड केलेले दात्यांमधल्या फटीपुरते खटकून तिथेच थांबते. टॉर्सनसारख्या हेलिकल गिअरच्या (प्लेटांऐवजी तिरक्या दात्यांचे गिअर वापरणाऱ्या) एलएसडीची गोष्ट आणखी वेगळी. त्याला मोकळे असताना बहुधा अडकाव नसतो आणि हातात ते साध्यासारखेच उलट फिरते, म्हणून “हे हेलिकल आहे” असे म्हणून कोणी साधे डिफरन्शियलही गळ्यात मारू शकतो. तिथे कव्हर उघडून पाहण्याला पर्याय नाही.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने लिहिले की सील तुम्ही तोडले, वेल्डिंगही तुम्हीच केले असेल. माल हाती आल्या दिवशी त्याच्यासमोर किंवा निदान कॅमेऱ्यासमोर कव्हर उघडले असते, तर हे त्याला म्हणता आले नसते. माझ्याकडे मात्र रंगवलेल्या बंद डब्याचेच फोटो होते. तक्रार नोंदवली आहे, तिचा निकाल अजून लागलेला नाही. त्या डिफरन्शियलची बेअरिंगे धातूच्या कणांनी खराब झाली, घर आणि फ्लँजा तेवढ्या कामाच्या उरल्या. गाडीला जुने साधे डिफरन्शियल परत चढवले आहे, आणि वळणावर आतले चाक पूर्वीसारखेच फुकट फिरते.