‘जोडी’ म्हणून विकलेले दोन वेगळ्या जातींचे मासे

ॲपिस्टोग्रामा या दक्षिण अमेरिकेतील ठेंगण्या सिक्लिड माशांची जोडी ऑनलाइन मागवणाऱ्यांनी नराच्या रंगावर भुलून न जाता मादीही तितक्याच बारकाईने तपासावी, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. परराज्यातील एका विक्रेत्याशी व्हॉट्सॲपवर व्यवहार ठरवून मी पुण्यात ‘डबल रेड अगासिझी, एफ-वन जोडी’ मागवली होती. जोडीची किंमत अडीच हजार रुपये आणि पार्सलचा खर्च निराळा. आलेला नर ॲपिस्टोग्रामाच्या अगासिझी या जातीचाच होता; त्याच्याबरोबरची मादी मात्र कॅकाटुऑइडीस, म्हणजे शौकीन ज्याला ‘कॉकाटू’ म्हणतात त्या जातीची निघाली.

या दोन जातींचे नर शेजारी ठेवले तर कोणीही ओळखेल. अगासिझीची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी मधोमध टोकदार असते आणि पाठीचा पर सलग जातो. कॉकाटूच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उंच वाढतात आणि शेपटीला वर-खाली दोन टोके फुटतात. फसवणूक नरात करता येत नाही, म्हणूनच ती मादीत होते. दोन्ही माद्या जेमतेम पाच सेंटिमीटरच्या, आखूड परांच्या, एरवी मळकट पिवळ्या आणि अंडी-पिल्ले सांभाळताना लिंबासारख्या पिवळ्याधमक. त्यातच ‘डबल रेड’ हे व्यापारी नाव दोन्ही जातींच्या निवडक पैदाशीला लावले जात असल्यामुळे बिलावरच्या नावाने काहीच सिद्ध होत नाही.

पिशवीतून काढलेला मासा प्रवासाच्या ताणाने फिकट पडलेला असतो, तेव्हा त्याची जात ठरवण्याची घाई करण्यात अर्थ नसतो. मादी टाकीत रुळली, वाळलेल्या बदामाच्या पानांखालून बाहेर येऊन खाऊ लागली, तेव्हा तिच्या अंगावरच्या खुणा स्पष्ट झाल्या. अगासिझीमध्ये डोळ्यापासून निघालेला काळा आडवा पट्टा शेपटीच्या बुडाशी थांबत नाही, तर तसाच शेपटीच्या परात शिरतो आणि टोकाकडे जातो. बुडाशी वेगळा ठिपका नसतो. माझ्या टाकीतील मादीचा पट्टा शेपटीच्या आधीच संपत होता, बुडाशी सुटा काळा ठिपका होता आणि मुख्य पट्ट्याच्या खाली, पोटाच्या बाजूवर, आणखी बारीक गडद रेषा ओळीने दिसत होत्या. तोंड मोठे, ओठ जाड आणि अंगही अगासिझीच्या सडपातळ बांध्यापेक्षा भरदार. पोटाखालच्या परांची पुढची कड काळी होती, त्यामुळे ती मादी आहे याबद्दल शंका नव्हती. (लहान किंवा दबलेले नर मादीसारखे रंग धरून राहतात आणि ‘जोडी’ म्हणून दोन नर गळ्यात मारले जातात, हा आणखी एक प्रकार, त्यासाठी ही कड पाहून ठेवावी.)

विक्रेता असे का करतो, याचे कारण या माशांच्या प्रजननात आहे. ॲपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत पिल्लांमधील नर-मादीचे प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते, हे र्‍योमर आणि बायझेनहेर्त्स या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. २३ अंशांच्या आसपास माद्या जास्त आणि २९ अंशांच्या आसपास नर जास्त. आपल्याकडच्या उकाड्यात, उघड्यावरच्या टाक्यांत वाढवलेल्या पिलावळीत नरांचा भरणा होणे स्वाभाविक आहे. एकटा नर कमी भावात जातो, जोडीला भाव येतो आणि मादी हाताशी नसते. मग दुसऱ्या जातीची उरलेली मादी जोडीला लावली की हिशेब जुळतो. माझ्या मते हे अनवधानाने होत नाही, कारण ज्याच्याकडे दोन्ही जाती रोज हाताळल्या जातात त्याला हा फरक दिसत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

‘एफ-वन’चा दावाही तेवढाच पोकळ होता. एफ-वन म्हणजे नदीतून पकडलेल्या आई-बापांची पहिली पिढी. ‘डबल रेड’ हा तर पिढ्यान्‌पिढ्या टाकीत निवड करून पक्का केलेला वाण. एकाच जाहिरातीत हे दोन्ही शब्द दिसले, तर त्यांतला एक केवळ भाव चढवण्यासाठी आहे असे समजावे.

मी बाजूने काढलेली छायाचित्रे पाठवली, तेव्हा आधी ‘ताणामुळे रंग बदललाय, महिनाभरात उतरेल’ असे उत्तर आले. रंग उतरतो, पट्ट्याची शेपटीतली लांबी आणि बुडाचा ठिपका काही बदलत नाही. पुढे सांगण्यात आले की हमी फक्त मेलेल्या माशांची, तीही पिशवी उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ असेल तरच. जिवंत पण चुकीचा मासा त्यांच्या हमीत बसत नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक अशा तक्रारींसाठी आहे. मात्र तक्रारीला नेट लावायचा तर विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ता हवा, आणि इथे उपलब्ध होते ते एक मोबाइल क्रमांक व यूपीआयवर दिसणारे, दुकानाच्या नावाशी न जुळणारे नाव.

दरम्यान नर तिला कोपऱ्यात रेटू लागल्यामुळे मी ती मादी एका परिचितांकडे दिली. त्यांच्याकडे कॉकाटूचा नर होता. काही आठवड्यांत तिने नारळाच्या करवंटीच्या आतल्या छताला अंडी चिकटवली आणि पिल्लेही निघाली. ती छायाचित्रे विक्रेत्याला पाठवल्यावर त्याने क्रमांक ब्लॉक केला.

आता कोणी जोडी घेणार असेल तर पैसे देण्याआधी मादीचा वेगळा, कडेने घेतलेला, शेपटी उघडी दिसणारा व्हिडिओ मागवावा आणि त्यात त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद काचेला लावायला सांगावा. जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि ‘जात चुकल्यास रक्कम परत’ हे वाक्य संदेशात लिहून घ्यावे. ‘मादी लाजरी आहे, बाहेर येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर नराचे पैसे वेगळे विचारून तेवढाच व्यवहार करावा.