माडावर चढायचं यंत्र: उभं घ्यावं की बैठं?

अवजारांच्या दुकानात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दुकानदार दारातल्या लोखंडी खांबावर चार हात चढून दाखवतो आणि दोन्ही सोपी वाटतात. खांब सरळ असतो, कोरडा असतो, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असतो. आपल्या वाडीतला माड यातला काहीच नसतो.

आधी निकाल सांगून टाकतो. घरामागे दहा-पंधरा माड आहेत आणि पाडायला स्वतःच चढणार असाल, तर बैठं यंत्र घ्या. पाडणं हाच रोजचा धंदा असेल, दिवसभरात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं असेल, तर उभं. समुद्राकडे झुकलेले माड जास्त असतील, तर दोन्हींचा फार उपयोग नाही. आणि कुठलंही घेतलं तरी कंबरेच्या दोरीचे पैसे वेगळे धरा, कारण यंत्र तुम्हाला वर नेतं, वर धरून ठेवायचं काम दोरीचं.

उभं यंत्र म्हणजे चेंबेरी किंवा जोसेफ मॉडेल. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावावरून हे नाव आलं. डाव्या आणि उजव्या पायाचे दोन स्वतंत्र लोखंडी सांगाडे, प्रत्येकाला खाली पाऊल ठेवायचं पायडल, वर हाताची मूठ आणि खोडाभोवती फिरणारा तारेचा फास. दोन्ही मिळून वजन साधारण दहा किलो. फास खोडाला वळसा घालून सांगाड्याच्या खाचेत अडकवायचा आणि पाऊल पट्ट्यात घालून पायडलवर उभं राहायचं. भार पडला की फास खोडाला आवळतो. एका पायावरचा भार काढून मूठ वर उचलली की त्या बाजूचा फास सैल होतो आणि सांगाडा फूटभर सरकतो. मग दुसरा पाय. सराव झालेला गडी चाळीस फुटी माड दोन-तीन मिनिटांत चढतो.

बैठ्या यंत्रात सांगाडे एकाखाली एक असतात. वरच्याला आसन, खालच्याला पावलं अडकवायची जागा. आसनावर बसून पायांनी खालचा भाग वर ओढायचा, त्यावर उभं राहून हातांनी वरचा भाग उचलायचा, पुन्हा बसायचं. सुरवंट चालतो तसं. वेळ दुप्पट किंवा त्याहून जास्त लागतो, पण दम लागला तर मध्येच बसता येतं. पन्नाशीच्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. उभ्या यंत्रावर पंधरा मिनिटं काम केलं की पोटऱ्या आणि गुडघे भरून येतात, आणि तिथून उतरताना पाय थरथरतात. खालचा भाग पायातून निसटून खाली घसरू नये म्हणून तो वरच्या भागाला दोरीने बांधलेला असतो. ती दोरी बांधलेली नसेल तर चढूच नका. आसनावर बसलेल्या माणसाखालून पायऱ्याच निघून जातात, मग उतरायचं कसं?

फासाचं माप ही पहिली अडचण. बाणवली, म्हणजे आपल्याकडच्या उंच जातीच्या, माडाचा बुंधा फुगलेला असतो, वर खोड बारीक होत जातं. जमिनीवर बरोबर बसवलेला फास वीस फुटांवर सैल पडतो, पायडल बाहेरच्या बाजूने खाली झुकतं आणि पाऊल घसरायला लागतं. म्हणून यंत्र बुंध्याच्या फुगवट्यावर न बसवता त्याच्या वर बसवावं, आणि सुरुवातीला पायडलचं बाहेरचं टोक किंचित वर उचललेलं राहील इतका फास आवळावा. वर जाताना ते आपोआप सपाटीला येतं. तरीही सैल वाटलं तर आधी कंबरेची दोरी आवळायची आणि मग एकेक बाजू घट्ट करायची. दोन्ही फास एकाच वेळी सोडायचे नाहीत, हे सांगायची गरज नसावी, पण आहे.

दुसरी अडचण जुन्या खाचांची. पूर्वी चढण्यासाठी खोडात कोयत्याने पायऱ्या पाडलेले माड आपल्याकडे भरपूर आहेत. तारेचा फास खाचेच्या कडेला अडकतो, जोर लावला की एकदम सुटतो. अशा माडावर फास खाचांच्या मधल्या पट्ट्यात राहील असा अंदाज घेत, हळू चढावं. यंत्र घेतल्यावर नव्या खाचा मात्र पाडू नका. त्यांत पाणी साचतं, खोड कुजतं आणि तिथून सोंड्या भुंगा आत शिरतो.

तिसरी अडचण पावसाची. जूनपासून खोडावर शेवाळ धरतं आणि ओल्या शेवाळावर तारेची पकड राहत नाही. रबराची नळी घातलेली तार जास्तच घसरते. म्हणून मे महिन्यात एकदा पाडप, म्हणजे नारळांची तोडणी, करून घ्यावी आणि त्याच चढाईत शेंड्याची सफाई, कोंब कुजू नये म्हणून १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी, आणि गेंड्या भुंग्यासाठी वरच्या कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या वाळूसकट टाकणं उरकून घ्यावं. नुसते नारळ हवे असतील तर लांब दांड्याचा कोयताही पुरतो. माणसाला वर चढवायचं ते या कामांसाठी. वीज वाहिन्यांखालच्या माडांना मात्र अॅल्युमिनियमचा दांडा लावूच नका. तिथे फायबरचाच हवा, आणि झावळी तारेला टेकत असेल तर वीजपुरवठा बंद केल्याशिवाय त्या माडाला हात लावू नये.

आता शेंड्याजवळचं काम. उभ्या यंत्राचा खरा फायदा इथे कळतो. एकेक सांगाडा चार बोटं बाजूला सरकवत खोडाभोवती फिरता येतं, म्हणजे मागच्या बाजूची पेंडही (नारळांचा घड) हाताशी येते. बैठ्या यंत्रावर फिरणं कटकटीचं. बऱ्याचदा हातभर खाली येऊन दिशा बदलावी लागते. म्हणून बैठं वापरणाऱ्याने खालूनच बघून ठरवावं, तयार पेंडी कुठल्या अंगाला आहेत, आणि त्याच अंगाने चढावं. सोलायच्या आधीचा एक नारळ सव्वा-दीड किलोचा धरला तर पंधरा नारळांची पेंड वीस किलोच्या घरात जाते. ती डोक्यावर टांगलेली असताना देठ तोडला तर खांद्यावर किंवा पायडलवर येते. पेंड नेहमी बाजूला राहील असं उभं राहून तोडायची. वाळलेल्या झावळीला धरायचं नाही, तिच्यावर पाय तर मुळीच द्यायचा नाही. तोडण्याआधी शेंडा कोयत्याच्या पाठीने दोनदा ठोकावा. गांधीलमाश्या असतील तर तेव्हाच कळतं, आणि उतरायला वेळ मिळतो.

कंबरेच्या दोरीबद्दल बहुतेक दुकानांत अर्धवट माहिती मिळते. खोडाभोवती साधा वेढा घालून दोन्ही टोकं पट्ट्याला अडकवली की माणूस सुरक्षित झाला, असा समज आहे. हा वेढा तुम्ही मागे रेलून पाय खोडाला टेकवले आहेत तोवरच धरतो. पाय सुटला की दोरी सैल होते, आणि फांदी नसलेल्या गुळगुळीत खोडावरून माणसाबरोबर ती थेट बुंध्यापर्यंत येते. चढताना साधा वेढा चालतो, कारण तो वर सरकवत न्यायचा असतो. पण काम सुरू करण्याआधी दुसरी दोरी खोडाला फास पडेल अशी बांधायची. दोरीच्या एका टोकाला कडी हवी, त्या कडीतून दुसरं टोक ओवून खेचलं की भार येताच ती खोडाला आवळते. गाठ छातीच्या उंचीवर, आणि मध्ये ढील हातभरापेक्षा कमी. कोयता चालवणारा हात आणि दोरी यांच्यामध्ये खोड राहील असं बघा.

परदेशात हरणांच्या शिकारीला झाडावर बसणारे लोकही हेच दोन तट पाडून भांडतात. एका बाजूला आसनाचा स्टँड, दुसऱ्या बाजूला सॅडल, म्हणजे कुल्ल्यांभोवतीचा रुंद पट्टा आणि खोडाला फास घातलेली दोरी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. पण सॅडलवाल्यांची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ते जमिनीपासूनच दोरीला बांधलेले असतात आणि चढताना, काम करताना, उतरताना एकदाही मोकळे नसतात. आंबा-फणसावर चढायला तर तीच पद्धत योग्य, कारण फांद्या फुटलेल्या झाडाला माडाचं यंत्र लागतच नाही. तिथे रुंद पट्टा, दोन दोऱ्या, आणि एक सोडण्याआधी दुसरी बांधायची.

पट्टा घेताना नुसता कंबरेचा घेऊ नका. कंबरपट्टा जागेवर धरून ठेवायला ठीक, पण त्यावर पडून लटकायची वेळ आली तर मणका आणि बरगड्या दुखावतात. मांड्या आणि खांद्यांतून जाणारा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला हार्नेस घ्यावा. चेंबेरी मॉडेलला मुळात पट्टा नव्हता. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोडणी तयार केली, पण बाजारातल्या सगळ्या यंत्रांबरोबर ती येत नाही. विचारून घ्या.

पोफळीसाठी यातलं काहीच चालत नाही. खोड बारीक, फास तितका लहान होत नाही, आणि वर गेल्यावर पोफळ वाकते. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या बागायतदारांनी सुपारीसाठी वेगळं यंत्र किंवा लांब दांडाच बघावा. दक्षिण कन्नड जिल्ह्यात पोफळीवर चढणारी पेट्रोलची यंत्रं निघाली आहेत, पण ओळीत दाट लावलेल्या जुन्या आगरात ती एका झाडावरून काढून दुसऱ्याला लावण्यातच वेळ जातो.

झुकलेल्या माडांचं कारण आपल्याला माहीत आहे. किनाऱ्यावरचे माड उजेडाकडे कलतात, शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कितीतरी माड मुळं सुटून तिरके उभे राहिले. थोड्या कलत्या माडावर वरच्या अंगाने चढावं. यंत्र खालच्या अंगाला फिरू बघतं, म्हणून प्रत्येक पावलाला मूठ सरळ करत जावं. बुंध्याशी एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली तर चढूच नये, मग यंत्र कुठलंही असो.

खाऱ्या हवेत यंत्राचं आयुष्य तारेवर ठरतं. गंज नळीच्या आत आधी धरतो, बाहेरून दिसत नाही. दर हंगामाआधी नळी सरकवून तार बघावी. एक जरी धागा तुटलेला दिसला, तरी तार बदलायची. तारेचं टोक वळवून क्लिपांनी धरलेलं असेल तर किमान तीन क्लिपा हव्यात. यू-बोल्टचा वाकडा भाग आखूड, मोकळ्या टोकावर आणि क्लिपेचा जाड खाचेचा तुकडा भार घेणाऱ्या तारेवर बसला पाहिजे. उलट बसवलेल्या क्लिपा आम्हाला नव्या यंत्रांवरही दिसतात. त्या भाराच्या तारेलाच चिरडतात. पायडल आणि मूठ जिथे जोडलेली असते तिथल्या वेल्डिंगवर नख फिरवून बारीक भेग आहे का ते बघा. सांध्यांना ग्रीस द्या, तारेला आणि पायडलला कधीच नाही. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सुकवा आणि पडवीत टांगा.

शिकण्याबद्दल थोडक्यात. नारळ विकास मंडळाचं 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे सहा दिवसांचं प्रशिक्षण २०११ पासून चालतं. यंत्राबरोबर शेंड्याची सफाई आणि कीड ओळखणंही त्यात शिकवतात. मंडळाचं राज्य केंद्र ठाण्यात आहे, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते. व्हिडिओ बघून शिकायचंच असेल तर पहिले काही दिवस जमिनीपासून पाच फुटांवरच चढ-उतर करा. उतरण्याचा सराव चढण्यापेक्षा जास्त हवा, कारण घाई होते ती उतरताना, आणि तेव्हा पाऊल पायडलच्या पट्ट्यातून निघतं.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला खांबावर चढायला सांगू नका. सुटी तार, पायडलचं रबर आणि पिना मिळतात का, आणि किती दिवसांत, हे विचारा. सुटे भाग केरळातून मागवावे लागतील असं उत्तर आलं तर एक तारेचा जोड यंत्राबरोबरच घ्या. आणि माडाखाली, नारळ पडतील त्या टापूबाहेर, हाक पोचेल असा एक माणूस उभा ठेवा. दोरीला लटकलेल्या माणसाला वेळेत खाली आणता आलं नाही तर पायांत रक्त साचून तो बेशुद्ध पडू शकतो, म्हणून त्या माणसाजवळ माडाच्या उंचीची शिडी किंवा दुसरं यंत्र तयार हवं.