डायनॉर्फिनचं एलायझा किट: पिल्लांवर काम करत असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी वाचा

परळच्या आमच्या लॅबमध्ये रॅटच्या पिल्लांवर काम चालतं, नर-मादीच्या वाढत्या मेंदूत ओपिऑइड पेप्टाइडं (शरीरातच बनणारे, अफूसारखं काम करणारे प्रोटीनचे छोटे तुकडे) कशी वेगळी होत जातात त्यावर, आणि त्यासाठी त्यातलं एक, डायनॉर्फिन ए, मोजायचं हे इंपोर्टेड एलायझा किट (अँटिबॉडीने पेप्टाइड पकडून रंगावरून मोजणारं) मागवलं. नाव घेत नाही, अर्धी तक्रार डिस्ट्रिब्युटरबद्दलचीच आहे.

अँटिबॉडी मात्र एक नंबर. सगळे किंमत बघतात, पण क्रॉस-रिअॅक्टिव्हिटीचा (अँटिबॉडी आणखी कशाकशाला चिकटते त्याचा) तक्ता उघडून बघायचा कंटाळा, खरं तर तोच आधी बघायला पाहिजे. डायनॉर्फिन ए १७ अमिनो आम्लांचं, त्यातली पहिली ५ म्हणजे जशीच्या तशी ल्यू-एन्केफॅलिन (दुसरं ओपिऑइड पेप्टाइड), त्यामुळे अँटिबॉडीने ते टोक धरलं तर दोन्ही एकत्रच मोजली जाणार. आता गंमत बघा, हायपोथॅलॅमसमध्ये एव्हीपीव्ही म्हणून एक इवलासा भाग आहे, तिथे मादी रॅटमध्ये डायनॉर्फिन बनवणाऱ्या पेशी जास्त आणि नरात एन्केफॅलिनवाल्या जास्त, हे संशोधक सिमर्ली यांनी १९९१ मध्येच दाखवलंय. म्हणजे दोघांची बेरीज झाली की फरक गायब, आणि आपण बसायचं स्टॅटिस्टिक्सला शिव्या घालत! या किटची अँटिबॉडी दुसरं टोक धरते. आम्ही प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) नुसतं ल्यू-एन्केफॅलिन टाकून बघितलं तर शून्य स्टँडर्डइतकाच (म्हणजे पेप्टाइड अजिबात नसलेल्या नमुन्याइतकाच) पिवळाजर्द रंग आला (कॉम्पिटिटिव्ह किट आहे, पेप्टाइड जास्त तर रंग कमी), म्हणजे तिने एन्केफॅलिनला हातही लावला नाही.

पण मॅन्युअलमधला सगळा डेटा मोठ्या नर रॅटचा! नराचा मेंदू 'नराचा' होतो तो जन्माच्या आसपास, टेस्टोस्टेरॉन वाढतं, मेंदूत त्याचंच इस्ट्रॅडिऑल (एक इस्ट्रोजेन) होतं आणि घडी तिथे बसते, म्हणजे आम्हाला सँपल पाहिजेत नेमके त्याच दिवसांतले. तेवढ्याशा टिश्यूत पेप्टाइड इतकं कमी की रंग शून्य स्टँडर्डच्या जवळच राहतो, पूल केल्याशिवाय (बऱ्याच पिल्लांचं टिश्यू एकत्र केल्याशिवाय) रीडिंगच येत नाही. टेक सपोर्टला फोन केला तर म्हणे, "एका वेताची सगळी पिल्लं एकत्र करा ना सर." अहो, मग नर-मादी कुठे राहिलं? पिल्लाच्या शेपटीखालचं गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर बघून, नरात ते लांब असतं, वेगवेगळे पूल करावे लागले आणि पिल्लं जास्त लागली ती वेगळीच, एथिक्स कमिटीला परत अर्ज. एक्स्ट्रॅक्शनचं सामानही किटमध्ये नाही, ते तुमचं तुम्ही बघा, आणि टिश्यू लगेच गरम अॅसिडमध्ये टाका नाहीतर एन्झाइम पेप्टाइड खाऊन टाकतात.

मोठ्या रॅटसाठी ४ स्टार, पिल्लांसाठी अडीच. पेशी कुठे आहेत हे बघायचं असेल तर याच्या नादाला लागू नका, सेक्शन कापून इन सिटू (मेंदूच्या पातळ कापातच त्या जीनचा आरएनए शोधायची पद्धत) करा.

डिलिव्हरीला १ स्टार. खोका वीकेंडभर भिवंडीच्या गोदामात पडून, उघडला तर ड्राय आईसचा पत्ता नाही, नशीब स्टँडर्ड पावडर होतं म्हणून वाचलं. पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवर) ठळक लिहा, शुक्रवारी डिस्पॅच नको.